पिंजऱ्यातील रिकामी जागा

नथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन कादंबरीकाराची 'द स्कार्लेट लेटर' ही कादंबरी 1850 च्या मार्च महिन्यात बोस्टन येथे प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून तिची नायिका हेस्टर प्रिन हिच्याविषयी जे विपुल टीकालेखन झाले आहे त्यातील मोठा भाग, ही स्त्री पापी की पुण्यशील, पश्चात्तापाने निवळलेली की मनोमन बंडखोर, या एकाच वादात खर्ची पडला आहे. हा वाद अगदीच निष्फळ आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्याने नायिकेला ज्या जागी उभे केले ती जागा तिची नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. कादंबरीच्या दुसऱ्या प्रकरणात हेस्टर आरोपी म्हणून लोकांसमोर येते खरी, परंतु त्यानंतरच्या बावीस प्रकरणांत त्या आरोपाचीच झडती तिच्याकडून घेतली जाते. ज्यांनी निवाडा दिला, ज्यांनी तो ऐकून माना डोलावल्या, आणि ज्या पुरुषाने तो ऐकूनही आपले तोंड उघडले नाही, त्या सर्वांची रुजवात तिच्या नुसत्या असण्याने होत जाते.

मेहकर तालुक्यातील आमच्या डोणगावात बसून ही कादंबरी वाचणाऱ्यास असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे बुलढाण्यास, राहणाऱ्या एका स्त्रीने याच प्रश्नाची फिर्याद 1882 मध्ये लेखी दाखल करून ठेवली आहे. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे ते पुस्तक. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक समाजाच्या विचारांचे होते, आणि ज्या मुलखात मुलींची शाळा नव्हती त्या मुलखात त्यांनी आपल्या कन्येस घरीच लिहावयास-वाचावयास शिकविले. ताराबाईंनी हॉथॉर्न वाचला होता असे मानण्यास काही आधार नाही आणि माझ्या प्रतिपादनास तशी गरजही नाही. दोन भिन्न खंडांत, दोन भिन्न धर्मांच्या छायेत, बत्तीस वर्षांच्या अंतराने एकच सवाल उभा राहिला, आणि एकाने तो कादंबरीच्या मौनातून मांडला तर दुसरीने तो उघड्या गद्यात विचारला, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

कथानक थोडक्यात असे. सतराव्या शतकाच्या पाचव्या दशकातील बोस्टन हे प्युरिटन पंथीयांनी वसविलेले, धर्मशास्त्र आणि राजशासन यांत भेद न मानणारे गाव. हेस्टरच्या वयस्क पतीने तिला पुढे पाठविले, तो स्वतः दोन वर्षे आलाच नाही, आणि मधल्या काळात तिला कन्या झाली. या अपराधास त्या वसाहतीत देहान्त शासनही होऊ शकले असते; परंतु न्यायाधीशांनी दया दाखवून तिला बाजारातील चौथऱ्यावर तीन तास उभे राहण्याची आणि छातीवर लाल कापडाचे अक्षर आजन्म बाळगण्याची शिक्षा फर्मावली. मुलीचा पिता कोण हे ती सांगत नाही. तो आहे त्याच गावचा तरुण, विद्वान, लोकांच्या श्रद्धेचा विषय झालेला धर्मोपदेशक आर्थर डिम्सडेल. त्याच दिवशी तिचा पती गावात येऊन पोहोचतो, रॉजर चिलिंगवर्थ असे दुसरे नाव धारण करतो, आणि वैद्याच्या मिषाने त्या धर्मोपदेशकाच्या शेजारी राहून सात वर्षे त्याचे अंतःकरण कुरतडतो. अखेरीस डिम्सडेल त्याच चौथऱ्यावर आपला अपराध उघड करून प्राण सोडतो.

या सर्व कथेत मला सर्वाधिक अर्थपूर्ण वाटते ते तिसऱ्या प्रकरणातील एक दृश्य, ज्यावरून वाचक बहुधा घाईने पुढे जातो. हेस्टर चौथऱ्यावर मूल छातीशी धरून उभी आहे. वरच्या सज्जात गव्हर्नर, न्यायाधीश आणि धर्माधिकारी बसले आहेत. आणि वडील धर्माधिकाऱ्याच्या सूचनेवरून डिम्सडेल यालाच पुढे होऊन तिला उपदेश करावा लागतो की, तू आपल्या सहअपराध्याचे नाव सांग, त्याच्यावर खोटी दया करू नकोस, कारण आयुष्यभर अपराध मनात दडवून ठेवण्यापेक्षा उच्च स्थानावरून उतरून तुझ्या शेजारी उभे राहणे त्याच्याच हिताचे आहे. त्याचा कंठ दाटून येतो, श्रोते हेलावतात, आणि कोणाच्याही ध्यानात येत नाही की या वक्तृत्वाने जे कर्तव्य त्याचे स्वतःचे होते ते त्याने भर सभेत त्या स्त्रीच्या माथी मारले आहे. कबुलीजबाब त्याने द्यावयाचा. तो देण्याचे धैर्य मात्र तिने दाखवावे, अशी त्याची विनंती आहे. पुरुषाच्या अपराधाचा हिशेबही स्त्रीच्याच खाती टाकण्याची ही वहिवाट हॉथॉर्नने ज्या नेमकेपणाने पकडली आहे तो नेमकेपणा त्याच्या काळातील दुसऱ्या कोणा कादंबरीकारापाशी मला आढळला नाही.

ताराबाईंच्या पुस्तकाचा कणा हाच आहे. स्त्रियांच्या अंगी म्हणून जे जे दुर्गुण शास्त्रकारांनी आणि कवींनी मोजून दाखविले, साहस, कपट, अविचार, अविश्वास, ते एकेक घेऊन त्या पुरुषांनाच संबोधून विचारतात की, हे दोष तुमच्यात कमी आहेत काय, आणि स्त्रीला आडमार्गास नेणारा कोण, तो कोठे गेला, त्याला शिक्षा का नाही? पतीचे प्राण परत आणण्यासाठी सावित्री यमामागे गेली, पण पत्नीसाठी त्या वाटेने गेलेला एक तरी पुरुष दाखवा, असे आव्हान त्या देतात. एवढेच करून त्या थांबत नाहीत. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या तत्कालीन कादंबऱ्या आणि 'मनोरमा' हे नाटक यांचा नामनिर्देश करून, पुरुष लेखकांनी आपल्या कल्पनेतून घडविलेल्या स्त्रिया आणि घराघरांत नांदणाऱ्या स्त्रिया यांचा मेळ बसतो काय, हेही त्या तपासतात. मराठी कादंबरीचे वय तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. त्या कोवळ्या वयातच कादंबरीतील नायिकेकडे कोणत्या दृष्टीने पाहावे याचा पहिला धडा बुलढाण्याहून दिला गेला, ही गोष्ट आपल्या समीक्षेच्या इतिहासात जितक्या ठळकपणे नोंदली जावयास हवी होती तितकी नोंदली गेलेली नाही.

ताराबाईंची ही दृष्टी घेऊन हेस्टरकडे पाहिले म्हणजे तिच्या आयुष्यातील बारीकसारीक तपशील बोलू लागतात. शिक्षेनंतर ती गावाच्या कडेला, समुद्राकाठच्या एका पडीक झोपडीत राहते आणि शिवणकामावर स्वतःचा व मुलीचा निर्वाह करते. तिच्या हातात विलक्षण कौशल्य आहे. गव्हर्नरच्या गळपट्टीवर तिचेच भरतकाम आहे, सैनिकांच्या पट्ट्यावर आहे, तान्ह्या बाळांच्या टोपड्यांवर आहे, मृतांच्या कफनावरही आहे. परंतु वधूच्या मुखावरील शुभ्र ओढणीवर तिच्या सुईचा एक टाका कोणी पडू देत नाही. हॉथॉर्नने हे दोन ओळींत सांगितले आहे. आमच्या गावच्या लग्नघरी वावरलेल्या कोणालाही त्याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. रात्रभर जागून नवरीच्या चोळ्या शिवणारी, पुरणाच्या पातेल्यापाशी घाम गाळणारी, पाहुण्यांच्या पंगतीची सारी तजवीज करणारी विधवा काकू किंवा आत्या हळद लावण्याची वेळ आली म्हणजे आपण होऊनच आतल्या खोलीत जाते. तिला कोणी जा म्हणत नाही, कारण म्हणावे लागत नाही. तिचे श्रम सर्वांना चालतात, तिचा हात तेवढा चालत नाही. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने तो इतर ग्रामपंचायतींपुढे कित्ता म्हणून ठेवला, यावरून ही वहिवाट किती चिवट आहे हे दिसते. हेस्टरने अपराध केला होता आणि आमच्या काकूने काहीच केलेले नसते, हा भेद मी विसरत नाही. समाजाला मात्र तो भेद करावासा वाटत नाही, आणि माझी तक्रार तीच आहे.

आता तिच्या मौनाविषयी. काही वाचकांचा आक्षेप असा की, नाव न सांगून हेस्टरने एका भित्र्या पुरुषास संरक्षण दिले, आणि त्यामुळे तिचे मौन हे स्त्रीच्या परंपरागत आत्मविलोपनाचेच एक रूप ठरते. आक्षेपात तथ्य आहे. ती त्याच्यावर प्रेम करते आणि त्याची अप्रतिष्ठा तिला पाहवत नाही. तरीही कादंबरीच्या रचनेत या मौनाचे कार्य निराळे आहे. तिने नाव सांगितले असते तर चौथऱ्यावर एकाऐवजी दोघे उभे राहिले असते, न्याय पुरा झाल्याच्या समाधानात मंडळी घरी जेवावयास गेली असती, आणि कादंबरी तेथेच आटोपली असती. तिच्या मौनाने तिच्या शेजारची जागा रिकामी राहते, आणि सात वर्षे ती सर्वांच्या डोळ्यांसमोर रिकामी राहते. मध्यरात्री, कोणी पाहत नसताना, डिम्सडेल त्या चौथऱ्यावर चढून पाहतो ते या रिकाम्या जागेनेच त्याला ओढून नेल्यामुळे. ज्या समाजाला एका माणसाला उभे करून संपूर्ण अपराधाची शिक्षा झाल्याचा भास होतो त्या समाजाचा इन्साफ किती अपुरा आहे हे दाखविण्यास हेस्टरच्या अबोल्याइतका भक्कम पुरावा दुसरा कोणता असू शकला असता?

येथवर मी दोन्ही ठिकाणचे साम्य दाखविले. परंतु ज्या घटनेमुळे ताराबाईंनी लेखणी उचलली ती घटना हेस्टरच्या कथेशेजारी ठेवली म्हणजे एक भयंकर अंतर दिसू लागते. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेस, विवाहबाह्य संबंधातून झालेले आपले अर्भक मारल्याच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात तिचे जन्मठेपेत रूपांतर झाले. 'पुणेवैभव' पत्राने या निमित्ताने समस्त स्त्रीजातीच्या नीतीवरच कोरडे ओढले, आणि ताराबाईंचा संताप त्यावरचा आहे. मी स्वतःला विचारले की, विजयालक्ष्मीची हेस्टर का झाली नाही? दोघींचा अपराध आरंभी एकच होता. एकीने मूल छातीशी धरून तीन तास उन्हात उभे राहणे पत्करले. दुसरीने त्याच मुलाचा जीव घेतला. दोघींच्या स्वभावातील फरक म्हणून हे सोडून देणे मला शक्य नाही. प्युरिटन कितीही निष्ठुर असले तरी त्यांच्या शिक्षेला एक पलीकडचा काठ होता: चौथऱ्यावरून उतरल्यावर हेस्टरला एक झोपडी होती, एक सुई होती, त्या सुईचे काम विकत घेणारे लोक होते, आणि मूल तिचेच होते. ते मूल काढून घेण्याचा घाट आठव्या प्रकरणात घातला जातो, तेव्हा ती गव्हर्नरच्या दालनात उभी राहून ज्या आवेशाने बोलते त्यावरून, मुलगी पर्ल तिच्यापाशी राहिली नसती तर तीही विनाशाच्याच मार्गास लागली असती, हे लेखकाने स्पष्ट सुचविले आहे. सुरतेच्या विधवेला असा काठच नव्हता. 1856 च्या कायद्याने पुनर्विवाहाची मुभा कागदावर दिली होती. पण मूल घेऊन दिवसाउजेडी जगता येईल अशी चार हात जागा तिच्या जातीने, तिच्या घराने, तिच्या गावाने तिला कोठेही ठेवली नव्हती. ज्या समाजात कलंक घेऊनही जगता येते तेथे हेस्टर निर्माण होते, आणि जेथे कलंक घेऊन जगताच येत नाही तेथे बालहत्या निर्माण होते.

ही जागा निर्माण करण्याचे काम आपल्याकडे कादंबरीकाराच्या आधी एका कर्त्या दांपत्याने केले. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे असे जाहीर केले, आणि अशाच एका विधवेचा मुलगा दत्तक घेऊन त्यास यशवंत हे नाव दिले. हेस्टरच्या समुद्राकाठच्या झोपडीचे महत्त्व मला खऱ्या अर्थाने कळले ते या गृहाचा विचार करताना. याच जोतीरावांनी आपल्या 'सत्सार'च्या 1885 च्या अंकात ताराबाईंची बाजू उचलून धरली, तीही अशा वेळी, जेव्हा सुधारक म्हणविणाऱ्यांतही त्यांच्या भाषेच्या तिखटपणाविषयी कुरकुर चालू होती.

मराठी कादंबरीने मात्र हेस्टरसारखी नायिका उभी करण्यास फार वेळ घेतला. हरि नारायण आपटे यांची यमू ही आपल्या वाङ्मयातील थोर निर्मिती आहे यात शंका नाही, आणि 'पण लक्षात कोण घेतो?' वाचून ज्याचे डोळे पाणावले नाहीत असा वाचक मला भेटावयाचा आहे; परंतु यमू निष्कलंक आहे, आणि वाचकाची करुणा तिला मिळते ती त्या निष्कलंकतेच्या जामिनावर. अपराध केलेल्या स्त्रीविषयी आदर उत्पन्न करण्याचे धाडस हरिभाऊंनी केले नाही, आणि 1890 च्या सुमारास ते केले असते तर 'करमणूक' या त्यांच्या पत्राच्या वाचकांनी ते सहन केले असते असेही मला वाटत नाही. ते धाडस केले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी, 1930 च्या 'ब्राह्मणकन्या'त. कालिंदी विवाहाविना माता होते, आणि त्यानंतरही तिचे आयुष्य संपत नाही, तिचा विचार संपत नाही. केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकले होते, तथापि त्यांची प्रेरणा समाजशास्त्राच्या अभ्यासातून आलेली दिसते आणि त्यामुळे कालिंदी पुष्कळदा प्रमेय सिद्ध करण्यासाठी वावरते. हेस्टरचे रक्तमांस तिला लाभले नाही. पुढे विभावरी शिरूरकर आल्या. 'कळ्यांचे निःश्वास' आणि 'हिंदोळ्यावर' लिहिणाऱ्या या लेखिकेस आपले खरे नाव दीर्घकाळ दडवून ठेवावे लागले. बोस्टनच्या त्या स्त्रीने दुसऱ्याचे नाव लपविले. आमच्या लेखिकेला, केवळ स्त्रियांच्या मनातले खरे लिहिल्याबद्दल, स्वतःचे नाव लपवावे लागले.

हॉथॉर्नशी माझा जो खरा मतभेद आहे तो कादंबरीच्या शेवटाविषयी. तेराव्या प्रकरणात तो हेस्टरला अशा विचारांपर्यंत नेतो की ज्यांची चाहूल त्या न्यायाधीशांना लागती तर त्यांनी ते तिच्या मूळ अपराधाहून भयंकर मानले असते: समाजाची सारी रचना पाडून नव्याने उभारल्याविना आणि पुरुषाचा वंशपरंपरेने मुरलेला स्वभाव पालटल्याविना स्त्रीला न्याय्य स्थान मिळणे नाही. एवढ्या उंचीवर नेलेल्या नायिकेस तो शेवटच्या प्रकरणात खाली उतरवितो. ती मुलीसह युरोपात जाते आणि पुढे एकटीच परत येऊन ते अक्षर स्वेच्छेने पुन्हा छातीवर लावते. हे परत येणे मला खटकत नाही; जेथे तिने भोगले, जेथे तिचे माणूस पुरले आहे, तेथेच तिचे आयुष्य खरे होते, आणि दुःखी स्त्रिया तिच्या झोपडीत सल्ल्यासाठी येऊ लागतात हा तर तिचा मोठाच विजय आहे. खटकते ते हे की, त्या स्त्रियांना ती सांगते की पुढे कधीतरी स्त्री-पुरुषांचे नाते अधिक सुखाच्या पायावर उभे राहील, हे सत्य प्रकट करणारी कोणी स्त्री येईल, पण ती निष्कलंक असली पाहिजे. आपल्यासारख्या पापाने डागाळलेल्या स्त्रीकडे ते कार्य येऊ शकत नाही. सात वर्षे ज्या निवाड्याची झडती चालली होती तोच निवाडा येथे लेखकाने तिच्या तोंडून मान्य करविला. हॉथॉर्नचा एक पूर्वज सेलमच्या चेटकिणींच्या खटल्यातील न्यायाधीश होता, आणि त्या वारशाची लाज त्याने आपल्या प्रस्तावनेत प्रांजळपणे व्यक्त केली आहे; तरीही अखेरच्या क्षणी त्याच्यातला न्यायाधीशाचा वंशज कादंबरीकारावर मात करून गेला असे मला वाटते.

ताराबाईंनी अशा कोणा निष्कलंक स्त्रीची वाट पाहिली नाही. त्या स्वतः विजयालक्ष्मीच्या जातीच्या नव्हत्या, तिच्या गावच्या नव्हत्या, आणि कुलीन मराठा घरातील स्त्रीने अशा खटल्याविषयी तोंड उघडणे हेच त्या काळी अप्रतिष्ठेचे होते; तरी त्या बोलल्या, आणि आपण निर्दोष आहोत म्हणून बोलण्याचा अधिकार आहे असा दाखला त्यांनी जोडला नाही. 'द स्कार्लेट लेटर'ची पहिली आवृत्ती अडीच हजार प्रतींची होती आणि ती थोड्याच दिवसांत खपली. 'स्त्रीपुरुषतुलना' पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापली गेली, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. त्यानंतर ताराबाईंनी दुसरे पुस्तक लिहिल्याचे ज्ञात नाही. हॉथॉर्नने आपल्या प्रस्तावनेत अशी कल्पना केली आहे की, सेलमच्या जकात कचेरीच्या जुन्या दफ्तरात त्याला ते लाल अक्षर आणि हेस्टरची हकीकत सापडली. ताराबाईंचे पुस्तक मात्र खरोखरच विस्मृतीच्या दफ्तरात गेले आणि स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत त्र्याण्णव वर्षे तेथेच राहिले.

आमच्या भागातील महाविद्यालयांत इंग्रजी विषय घेऊन शिकणारी मुलेमुली आज हेस्टरवर टिपणे काढतात, चौथऱ्याच्या तीन दृश्यांचे महत्त्व परीक्षेपुरते पाठ करतात, आणि त्यांतल्या कित्येकांना आपल्या जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या त्या बाईंचे नाव ठाऊक नसते. ही दोन्ही पुस्तके एकाच वर्गात, एकाच आठवड्यात, शेजारी शेजारी ठेवून वाचविली जावीत असा माझा आग्रह आहे. एम. ए. च्या वर्गापर्यंत थांबण्याचेही कारण नाही. डोणगावातल्या दहावी-बारावीच्या मुलींना हेस्टरची गोष्ट मराठीतून सांगावी, त्या सज्जावरून बोलणाऱ्या धर्मोपदेशकाचा प्रसंग सावकाश वाचून दाखवावा, आणि त्याला काय उत्तर द्यावयास हवे होते ते त्यांना लिहावयास सांगावे. मुलांनाही सांगावे, आणि मुलांची उत्तरे आधी तपासावीत.